अल्पमोली संगणकीय खेळ आणि आपला वर्ग

खेळ हे बालकाचे कामच होय, हे तत्त्व आपल्या प्राथमिक शाळांना नवे नाही. बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. साधनाची योग्यता त्याच्या किमतीवरून ठरत नाही, ते मुलाला कोणते काम करावयास लावते यावरून ठरते, हा त्या कार्याचा आपणां सर्वांस मिळालेला मोठा धडा आहे.

आज खेळाचे एक नवे साधन खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचले आहे. सायंकाळी वडील शेतावरून परतले की त्यांचा मोबाइल मुलाच्या हाती जातो आणि मूल त्यावर खेळू लागते. तो खेळ कोणी निवडलेला असतो? बहुधा कोणीच नाही. जाहिरातीत जो प्रथम दिसला, शेजारच्या मुलाने जो सांगितला, तोच घेतला जातो. तो फुकट असतो, म्हणून त्याविषयी घरात कोणी विचारही करीत नाही. शाळा या बाबतीत सामान्यतः दोनपैकी एक भूमिका घेते. एक तर मोबाइलची सरसकट निंदा करते, नाहीतर तो आपला विषय नव्हे असे समजून गप्प राहते. दोन्ही भूमिकांत मुलाचे रोजचे अर्धापाऊण तास कोणाच्या तरी धंद्याच्या हवाली होतात. शिक्षकाने स्वतः खेळांची पारख करावी, चांगले खेळ निवडावेत आणि त्यांतील शिकण्याजोगा भाग पाटी-खडूपर्यंत आणावा, हा तिसरा मार्ग आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

स्वतंत्र खेळ म्हणजे काय?

मोठ्या कंपनीच्या भांडवलावाचून एकट्यादुकट्या व्यक्तीने अथवा लहानशा मंडळीने स्वतःच्या कल्पनेप्रमाणे तयार केलेल्या संगणकीय खेळास ‘स्वतंत्र’ खेळ म्हणतात. एका माणसाच्या कल्पनेतून उत्तम खेळ निर्माण होऊ शकतो, याचे जुने उदाहरण म्हणजे ‘टेट्रिस’. १९८४ साली मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाझित्नोव्ह यांनी तो रचला. वरून पडणारे ठोकळे रांगेत बसविण्याचा हा साधा खेळ पुढे जगभर पसरला.

अशा खेळांपैकी काही विनामूल्य असतात. जे विकत मिळतात त्यांची किंमत बहुधा काही शे रुपये असते आणि वर्षातून अनेकदा त्यांवर सवलतही मिळते. किंमत एकदाच द्यावयाची असते. पुढे खेळात जाहिरात येत नाही की मधूनमधून पैशांची मागणी होत नाही. मोठ्या खेळांना लागणारा भारी संगणकही त्यांपैकी पुष्कळांना लागत नाही. शाळेतील जुना, पण चालू स्थितीतील संगणक येथे उल्लेखिलेल्या बहुतेक खेळांना पुरतो.

पारख कशी करावी?

कोणताही खेळ वर्गात आणण्यापूर्वी शिक्षकाने तो स्वतः निदान एक तास खेळावा आणि पुढील तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा खेळ मुलाकडून काय मागतो? ‘फुकट’ म्हणून मिळणारे कित्येक खेळ मुलाकडून जाहिरात पाहण्याचा वेळ मागतात, काही काळाने पैसे मागतात आणि उद्या पुन्हा यावे म्हणून रोजच्या बक्षिसाचे आमिष दाखवितात. चांगला खेळ विचार, स्मरण आणि धीर यांची मागणी करतो.

दुसरा प्रश्न : चूक झाली तर काय होते? माँटेसरी पद्धतीत साधनानेच मुलास त्याची चूक दाखवावी अशी अपेक्षा असते. दट्ट्या चुकीच्या खाचेत बसत नाही आणि मूल स्वतःच पुन्हा प्रयत्न करते. चांगल्या खेळातही असेच घडते. चुकीचे कारण मुलास दिसते आणि पुन्हा खेळण्यास काही मोजावे लागत नाही.

तिसरा प्रश्न : पडदा बंद केल्यावर काही उरते काय? खेळ संपल्यावर त्याविषयी बोलता येत असेल, तो फळ्यावर मांडता येत असेल, अंगणात खेळता येत असेल, तर तो वर्गाच्या उपयोगाचा आहे. जेथे संगणक एक आणि मुले चाळीस, तेथे हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय.

पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ या विचारात मुळीच येत नाहीत. २०२५ साली संसदेने अशा खेळांना मनाई करणारा कायदा केला आहे. ही गोष्ट पालकसभेत स्पष्टपणे सांगावी. म्हणजे खेळ आणि जुगार यांत पालकांचा घोटाळा होणार नाही.

आता या तीन कसोट्यांवर उतरणारे काही खेळ पाहू.

१. ‘२०४८’ : दुप्पट आणि बेरीज

हा खेळ २०१४ च्या मार्च महिन्यात गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने शनिवार-रविवारच्या सुटीत तयार केला आणि सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. चार उभ्या व चार आडव्या रांगांची १६ घरे असतात. त्यांत २ किंवा ४ हे अंक असलेल्या चौकटी येतात. सर्व चौकटी एका दिशेस सरकवावयाच्या, दोन समान अंक भेटले की त्यांची एक चौकट होते. २ आणि २ मिळून ४, ४ आणि ४ मिळून ८, असे करीत २०४८ गाठावयाचे.

भाषेची अडचण येथे नाही. इयत्ता तिसरीपासूनच्या मुलांस तो खेळता येतो. फळ्यावर २, ४, ८, १६ अशी मालिका लिहून घ्यावी. २०४८ पर्यंत किती वेळा दुप्पट करावी लागते हे मुलांनीच मोजावे. उत्तर १० येते. नंतर एक अधिक खोल प्रश्न विचारावा : दोन चौकटी एक झाल्या की सर्व अंकांची एकूण बेरीज बदलते काय? मुले प्रथम ‘हो’ म्हणतील. बेरीज करून पाहिल्यावर ती बदलत नाही, फक्त नवी चौकट आली की वाढते, हे त्यांना दिसेल. मग हिशेब सोपा होतो. केवळ २ हाच अंक येत राहिला, तर २०४८ होण्यास असे १,०२४ अंक यावे लागतील.

हा खेळ जमिनीवर १६ घरे आखून आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या वापरूनही खेळता येतो. मोबाइलवर याच नावाच्या अनेक नकला आहेत आणि त्यांत जाहिरातींचा सुळसुळाट असतो. कर्त्याने मूळ खेळाची संगणकीय संहिता खुली ठेवली आहे. गावातील जाणत्या तरुणाच्या साह्याने ती पेनड्राइव्हवर घेतल्यास इंटरनेटवाचून खेळ चालतो.

येथे एक नैतिक पाठही आहे. ‘२०४८’ च्या थोडे आधी, २०१४ च्या फेब्रुवारीत, ‘थ्रीज’ नावाचा याच धर्तीचा खेळ विक्रीस आला होता. अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी त्यावर वर्षाहून अधिक काळ मेहनत केली होती. पण त्यावरून सुचलेल्या फुकट खेळांचीच कीर्ती अधिक झाली. कल्पना कोणाची, श्रम कोणाचे आणि फळ कोणास, यावर सातवी-आठवीच्या मुलांशी अवश्य बोलावे. अल्पमोली वस्तू घ्यावी, पण करणाऱ्याचे श्रम बुडवून ती स्वस्त करू नये.

२. ‘बाबा इज यू’ : वाक्य आणि नियम

फिनलंडमधील आर्वी तेइकारी यांचा हा खेळ २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याची मूळ कल्पना त्यांनी २०१७ मधील एका खेळनिर्मिती-स्पर्धेत मांडली होती. ‘बाबा’ हे यातील एका पांढऱ्या चतुष्पाद प्राण्याचे नाव आहे. आपल्या मुलांना या नावाने हसू येईल. ते येऊ द्यावे.

या खेळाचे वैशिष्ट्य असे की त्याचे नियम पडद्यावरच शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात. ‘बाबा इज यू’ म्हणजे बाबा तू आहेस. ‘वॉल इज स्टॉप’ म्हणजे भिंत अडसर आहे. हे ठोकळे ढकलता येतात. ‘स्टॉप’ हा शब्द बाजूस ढकलला की वाक्य मोडते आणि भिंतीतून खुशाल पलीकडे जाता येते. ‘बाबा इज यू’ हेच वाक्य मोडले, तर हलणारे कोणीच उरत नाही आणि खेळ थांबतो. नियम पाळणे एवढेच मुलांना ठाऊक असते. नियम शब्दांनी बनलेला असतो आणि शब्द हलले की अर्थ हलतो, हे येथे त्यांना प्रत्यक्ष दिसते.

भाषेच्या तासाला याचा उत्तम उपयोग होतो. अंगणात चौकटी आखाव्या. ‘भिंत’, ‘दगड’, ‘अडसर’, ‘जड’, ‘आहे’ असे शब्द पुठ्ठ्यांवर लिहून मुलांच्या हाती द्यावे. तिघांनी ओळीत उभे राहून वाक्य केले की तो नियम लागू झाला, एकजण बाजूस झाला की नियम संपला. लवकरच मुलांच्या लक्षात येईल की इंग्रजीत ‘इज’ मध्ये येतो आणि मराठीत ‘आहे’ शेवटी येते. कर्ता, पूरक आणि क्रियापद यांची जागा व्याख्या पाठ करण्यापेक्षा अशी उभी राहून चांगली कळते. खेळातील पुढील पायऱ्या पुष्कळ कठीण आहेत. वर्गासाठी प्रारंभीच्या काहीच घ्याव्या आणि अडले तेथे थांबून मुलांस विचार करू द्यावा.

३. ‘मिनी मेट्रो’ : नकाशा आणि वाहतूक

न्यूझीलंडमधील पीटर आणि रॉबर्ट करी या बंधूंच्या लहानशा संस्थेने हा खेळ केला. २०१५ साली तो पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. पडद्यावर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा आकारांची स्थानके असतात. स्थानकावर जमणारे उतारूही लहान आकारांनीच दाखविलेले असतात. त्रिकोणी उतारूस कोणत्याही त्रिकोणी स्थानकावर जावयाचे असते. खेळणाऱ्याने रेषा ओढून मार्ग आखावयाचे. हाती रेषा, गाड्या आणि नदीखालचे बोगदे मोजकेच असतात. नवी स्थानके निघत राहतात. एखाद्या स्थानकावर फार वेळ गर्दी तुंबली की खेळ संपतो. जगातील अनेक शहरांचे नकाशे यात आहेत, त्यांत मुंबईही आहे.

या खेळाचे चित्र लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावरून सुचलेले आहे. हॅरी बेक या आरेखकाने तयार केलेला तो नकाशा १९३३ साली प्रथम प्रसिद्ध झाला. बेकने खरी अंतरे व वळणे बाजूस ठेवली आणि सरळ व तिरप्या रेषांनी फक्त स्थानकांचा क्रम व जोड दाखविली. प्रमाणबद्ध नकाशा आणि असा आराखडा यांतील भेद चौथी-पाचवीच्या मुलांस समजावून देण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे.

त्यानंतर मुलांना आपल्या गावाच्या परिसराचा असाच आराखडा काढावयास सांगावे. शाळा वर्तुळ, दवाखाना त्रिकोण, आठवडी बाजार चौकोन. एस.टी.च्या दोनच गाड्या आहेत असे समजून मार्ग आखावा. कोणती वाडी मार्गाबाहेर राहिली? ओढ्यावर पूल एकच असेल तर तो कोठे हवा? बाजाराच्या दिवशी कोणत्या थांब्यावर गर्दी होईल? अशा प्रश्नांतून भूगोलाचा पाठ गावाच्या खऱ्या प्रश्नापर्यंत जातो. वाडीतून चालत येणारे मूल त्या दिवशी वर्गात सर्वांत जाणते ठरते, ही गोष्टही लहान नव्हे.

४. ‘द इव्होल्यूशन ऑफ ट्रस्ट’ : विश्वासाचा हिशेब

निकी केस यांनी २०१७ साली केलेला हा खेळ सर्वस्वी विनामूल्य आहे. तो सार्वजनिक मालकीचा म्हणून जाहीर केलेला असल्याने त्याचे भाषांतर कोणीही करू शकतो. पुरा खेळण्यास सुमारे अर्धा तास लागतो. त्यात वाचावयाचे इंग्रजी पुष्कळ आहे. म्हणून शिक्षकाने तो स्वतः खेळावा आणि वर्गात चिंचोक्यांनी खेळवून घ्यावा.

रीत अशी : दोन मुले समोरासमोर बसतात. प्रत्येकाने मुठीत एक चिंचोका ठेवावा किंवा मूठ रिकामी ठेवावी. मुठी एकदम उघडावयाच्या. जो चिंचोका देतो तो त्याचा जातो आणि त्याबद्दल समोरच्यास शिक्षकाकडून तीन मिळतात. दोघांनी दिले तर प्रत्येकास दोनांचा फायदा. एकाने दिला व दुसऱ्याने दिला नाही, तर देणाऱ्याचा एक गेला आणि न देणाऱ्यास तीन मिळाले. दोघांनीही न दिल्यास कोणास काहीच नाही. एकच डाव खेळला तर फसविणाऱ्याचा लाभ दिसतो. त्याच जोडीदाराशी दहा डाव खेळले की चित्र पालटते.

‘जशास तसे’ वागणारा, पण पहिला चिंचोका विश्वासाने देणारा खेळाडू दीर्घकाळात चांगला टिकतो. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांच्या १९८४ मधील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष खेळात सुलभ रीतीने मांडला आहे. पुढे खेळ आणखी एक गोष्ट दाखवितो. एखाद्याच्या हातून चुकून मूठ रिकामी राहिली, तर दोन ‘जशास तसे’ वागणारे एकमेकांवर सूड घेतच राहतात. तेथे एक चूक पोटात घालून दुसऱ्या वेळीच उलटणारा अधिक यशस्वी होतो. बांधावरून दोन घरांत पिढ्यान् पिढ्या चाललेले वाद ज्या मुलांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ अधिक सांगावा लागत नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला एवढी चर्चा पुरेशी आहे.

५. ‘वेन्बा’ : आईची भाषा, आईचा स्वयंपाक

कॅनडातील टोरोंटो येथील ‘विसाई गेम्स’ या लहान संस्थेचा हा खेळ २०२३ साली प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबाची ही कथा आहे. वेन्बा ही त्या घरातील आई. तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटली आहे, काही अक्षरे पुसली आहेत. इडलीसारखे पदार्थ करताना राहून गेलेली कृती खेळणाऱ्याने तर्काने शोधावयाची. मुलगा परभाषेत वाढतो आणि घरच्या भाषेपासून दूर जातो, हे दुःख कथेतून हळूहळू उमटते.

हा खेळ वरच्या इयत्तांसाठी आणि मुख्यतः शिक्षकांसाठी सुचविला आहे. ज्यांच्या वर्गांत घरी वारली, गोंडी, भिल्ली, कोरकू किंवा बंजारा बोली बोलणारी मुले आहेत, त्यांना यातील दुःख चटकन ओळखता येईल. खेळ न दाखविताही एक स्वाध्याय देता येतो : आजीला विचारून एका पदार्थाची कृती तिच्याच शब्दांत लिहून आणावी आणि त्यातील एक पायरी गाळावी. राहिलेली पायरी कोणती हे वर्गाने ओळखावे. लेखन, क्रम आणि तर्क यांचा अभ्यास होतो आणि घरची बोली सन्मानाने वर्गात येते.

लहान मुलांसाठी

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ हा लहान लहान खेळांचा संग्रह पाहावा. फ्रान्समधील ब्रूनो कूदुआँ यांनी २००० साली त्याचा आरंभ केला. आज जगातील अनेक स्वयंसेवक तो वाढवीत आहेत. अंक, अक्षरे, आकार, दिशा, स्मरण असे शंभराहून अधिक उपक्रम त्यात आहेत. तो विनामूल्य आहे आणि त्यात जाहिराती नाहीत.

वर्गातील योजना

संगणक एकच असेल तर चार-चार मुलांचे गट करावे. एकाने कळ दाबावी आणि तिघांनी सल्ला द्यावा. दर पाच मिनिटांनी पाळी बदलावी. यंत्राजवळ धीट मुलेच पुढे सरसावतात आणि मुली मागे उभ्या राहतात, असे होऊ देऊ नये. पाळीची यादी भिंतीवर लावावी. पडद्यावरचा भाग १५ मिनिटांहून अधिक नसावा. पुढील अर्धा तास फळा, पाटी किंवा अंगण यांचा. वीज गेली तरी पाठ अडू नये, अशीच त्याची मांडणी असावी.

ज्यांच्या घरी मोबाइल नाही अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. म्हणून मोबाइलवर खेळून येण्याचा गृहपाठ कधीही देऊ नये. विकतचा खेळ घ्यावयाचा झाल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे तो खेळून दाखवावा आणि त्यांच्या संमतीने रीतसर खरेदी करावा. चोरून उतरविलेली प्रत शाळेच्या संगणकावर ठेवू नये. मुले आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय करतो हे अधिक पाहतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पालकांशी बोलणे. मोबाइल काढून घ्या, एवढेच सांगितल्यास पालक मान डोलावतात आणि घरी काही बदलत नाही. अमुक खेळ का बरा, तमुक का टाकावा, हे वरील तीन प्रश्नांच्या साह्याने दाखवून दिले तर आईवडिलांनाही पारख करता येऊ लागते. ही पारख एकदा घरात आली, म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळास तीच कसोटी लागेल.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या वर्गातील मुले घरी कोणते खेळ खेळतात याची यादी करा. त्यांपैकी एक स्वतः खेळून त्यास वरील तीन प्रश्न लावा.

२. ‘२०४८’ किंवा चिंचोक्यांचा खेळ यंत्रावाचून वर्गात घ्या आणि मुलांनी विचारलेले प्रश्न टिपून ठेवा.

३. आपल्या शाळेच्या परिसराचा ‘मिनी मेट्रो’ पद्धतीचा आराखडा मुलांकडून काढून घ्या. सर्वांत दूरच्या वाडीतील मुलाने सुचविलेला मार्ग त्यात दाखवा.

४. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत हे टिपण व आराखडे मांडा. कोणता खेळ आपल्या भागातील मुलांस उपयोगी पडला आणि कोणता पडला नाही, या दोन्ही गोष्टी सांगा. न जमलेल्या पाठाचे टिपण शेजारच्या शाळेस जमलेल्या पाठाइतकेच उपयोगी पडते.